काकांना सांग

हॅल्सी, मिशिगन
८ मार्च १९८७

प्रिय नीला,

त्या रविवारी सकाळी मी आधी पायरीवरचा बर्फ लोटला, मग ह्यांचे तीन शर्ट इस्त्री केले. खिशाच्या वर बिल्ला लावायची दोन भोकं असतात, तिथे इस्त्री जपून फिरवावी लागते, नाहीतर कापड ओढलं जातं. मग कणीक मळली. तिखटमिठाच्या पुऱ्या, ओवा जरा जास्त, तुझ्या श्रीरंगला आवडतात तशा. आमची दीपा तळघरातून ओरडत होती की मशीनने तिचा स्वेटर खाल्ला. हे दाढी करता करता स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले, अर्ध्या गालावर फेस, आणि म्हणाले, "थोड्या जास्त कर. पोराला बघून येऊ."

हे जाऊन सात आठवडे झाले. या दिवसांत लग्न आठवत नाही, विमानात बसले तो दिवस आठवत नाही, हीच सकाळ आठवते. नोव्हेंबर एक्याऐंशी. श्रीरंगच्या कानावर तेव्हा पट्टी होती. शाळेच्या फुटबॉल सामन्यानंतर त्याला गाडीतून ओढून काढून मारणारा तो डटन ह्यांच्याच पोलीस खात्यातला, ह्यांच्याच युनियनचा. मला इतकी लाज वाटत होती की तुझ्या दारात यायला पाय उचलत नव्हता. तू दार उघडलंस, डबा हातातून घेतलास आणि म्हणालीस, "वसुधा, तू नसतीस तर मी वेडी झाले असते."

आणि तीन महिन्यांनी तू माझा फोन घेईनाशी झालीस. उन्हाळ्यात तुम्ही ईडन प्रेरीला गेलात हे मला महाराष्ट्र मंडळातल्या सुलेखाकडून कळलं. त्यानंतर दिवाळीला कार्ड, आणि हे गेल्यावर दोन ओळी, त्याही छापील. मी भांडायला लिहीत नाही. विचारायला लिहिते.

दुसरं कारण असं. युनियनच्या हॉलला ह्यांचं नाव देणार आहेत. दोन मे, शनिवारी, जेवण आहे. ह्यांच्या जागी प्रेसिडेंट झालेला रे स्वतः घरी येऊन सांगून गेला. "वासू, दोन शब्द तुलाच बोलायचेत." मी म्हटलं, मी सातवी शिकलेली बाई. तो म्हणाला, "आमच्यातल्या एकानेही कॉन्ट्रॅक्ट तुझ्याइतका वाचलेला नाही."

ते खरं आहे. एकाहत्तर साली चीफने एका खोट्या तक्रारीवरून ह्यांना चार महिने घरी बसवलं तेव्हा एक माणूस विचारायला आला नव्हता. त्यातूनच युनियन झाली. आमच्या तळघरात अकरा जण जमले, मी चहा केला आणि सगळ्यांनी कॉफी मागितली. चौऱ्याहत्तरला एका दिवशी साऱ्या खात्याने आजारी असल्याचं कळवलं आणि तिसऱ्या दिवशी शहराने करार केला. त्यानंतर मरेपर्यंत हे प्रेसिडेंट. खुर्चीतच गेले, सभा चालू असताना. हे टाइप करायचे, मी चुका काढायचे. 'ग्रोसरी'च्या आधी मी तक्रारीचं 'ग्रीव्हन्स' लिहायला शिकले, हे तू मंडळात सगळ्यांना हसून सांगायचीस.

भाषणासाठी मी ह्यांचे कागद वाचते आहे. टाइप केलेले एका बाजूला. पिवळ्या वह्या वेगळ्या, तेवीस. त्या मराठीत आहेत. "चीफचा माणूस खांद्यावरून डोकावला तरी त्याला मुंग्याच दिसतील," असं म्हणायचे. मी पहिल्या वहीपासून सुरुवात केली आहे, सध्या शहात्तरमध्ये आहे. रे म्हणतो वाचून झालं की सगळी खोकी त्याला द्यावी, विशेषतः त्या वह्या. काचेच्या कपाटात ठेवायच्या आहेत. मे महिन्यातल्या कुठल्याशा सुनावणीच्या धावपळीत असूनसुद्धा तो तीनदा विचारून गेला. ह्यांची किंमत आहे त्यांना.

तू ये, नीला. तू शेजारी बसलीस तर मला उभं राहून बोलता येईल.

तुझी,
वसुधा

—

ईडन प्रेरी
२२ मार्च १९८७

वसुधा,

पत्र मिळालं. उल्हासराव गेल्याचं वाईट वाटलं, ते खोटं नाही. छापील कार्ड पाठवलं कारण हाताने लिहायला बसले आणि काही सुचलं नाही.

दोन मेला आम्हाला जमणार नाही. विष्णूची हॉस्पिटलमधली ड्यूटी आहे असं लिहिणार होते, पण मग वाटलं, कशाला. ड्यूटी नसती तरी आलो नसतो.

हॉलला नाव मिळतंय, चांगलं आहे. त्यांनी त्या लोकांसाठी जे केलं त्याची ती परतफेड आहे.

त्या पुऱ्यांची आठवण तू काढावीस, तीही अशी जीव लावून, हे मात्र मला वाचवलं नाही. पत्र दोन दिवस उलटं करून ठेवलं होतं. काय झालं म्हणून विचारतेस. तुला माहीत आहे, वसुधा. तू तिथेच बसली होतीस.

नीला

—

हॅल्सी
२ एप्रिल १९८७

नीला,

मला काय माहीत आहे?

दहा दिवस मी तुझ्या पत्राचा अर्थ लावते आहे आणि मला एकच लागतो. तू कधी तोंडाने बोलली नाहीस म्हणून मी मनात आणलं नव्हतं. आता आणते. आम्ही हवालदार आणि तुम्ही डॉक्टर.

मंडळातले बाकीचे तर उघडच होते. इंजिनिअर व्हायला आलेला माणूस फी भरता आली नाही म्हणून कारखान्यात गेला आणि तिथून पोलिसात, हे त्यांना हसायला पुरत होतं. एका गणपतीला प्रतिमाचा नवरा ह्यांना म्हणाला होता, "उल्हासराव, पार्किंगचं तुम्ही बघा ना, तुमचा हात बसलेला आहे." आणि हे खरंच तासभर बाहेर थंडीत उभे राहिले, शिट्टी वाजवत, हसत. आरतीलासुद्धा कोणी आत बोलावलं नाही. तेव्हा ताट घेऊन बाहेर आलेली बाई तू होतीस. मला हाताला धरून लायब्ररीत नेणारी आणि "हिचं कार्ड काढायचंय" म्हणून सांगणारी तूच. म्हणून तर लागलं.

श्रीरंगला मारणाऱ्याला आम्ही सोडवलं असं तुला वाटत असेल तर ऐक. चीफने डटनला काढलं होतं, त्याच्या सुनावणीच्या दिवशी संध्याकाळी हे घरी आले ते बूट न काढता खुर्चीवर बसले. मी विचारलं काय झालं. म्हणाले, "डटन परत कामावर. लवादाने ठरवलं. माझ्या हातात काही नव्हतं." दोन दिवस नीट जेवले नाहीत. भाताचं ताट तसंच बाजूला सारलं. मी तुला फोन लावला तो सांगायलाच, की नीला, ह्यांनाही फार लागलंय. तू उचलला नाहीस.

युनियनच्या प्रेसिडेंटला मेंबरच्या बाजूने बसावंच लागतं, तो कसाही असला तरी. कायदा आहे तो. त्यांनी डटनच्या शेजारी बसणं हा गुन्हा असेल तर तो मला माहीत आहे. दुसरं काही असेल तर लिही. पण "तुला माहीत आहे" असं म्हणून दार लावू नकोस. मी आता विधवा आहे, मला दारं पुरेशी लागली आहेत.

वसुधा

—

ईडन प्रेरी
१४ एप्रिल १९८७

वसुधा,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला. दुसऱ्यांदा वाटलं की इतकं चांगलं खोटं तुला लिहिता येणार नाही. तिसऱ्यांदा भीती वाटली. म्हणून लिहिते, जसं झालं तसं.

तुम्ही आलात त्या रविवारी श्रीरंग तीन आठवडे कोणाशी धड बोलला नव्हता. शहराचा चौकशी अधिकारी येऊन गेला होता, त्याला त्याने जे सांगितलं ते विष्णूसमोर सांगितलं. मी काही प्यायलो नव्हतो, मी काही केलं नाही. आम्हाला वकील करायचं सुचलं नव्हतं. विष्णू म्हणाला, वकील कशाला, उल्हास आहे ना. घरचा माणूस आहे.

तुम्ही टेबलाशी बसलात. विष्णूला हॉस्पिटलमधून बोलावणं आलं आणि तो गेला. श्रीरंग पुऱ्या खात होता, मान खाली. उल्हासरावांनी विचारलं, "नेमकं काय झालं रे?" तो गप्प. आणि तू त्याच्या पाठीवर हात ठेवलास. "अरे, काकांना सांग. आज काय ते युनिफॉर्ममध्ये नाहीत. आपलेच आहेत."

मग तो बोलला. पार्किंगमध्ये मित्राच्या गाडीत बसून बिअरचे दोन कॅन घेतले होते. डटन दिसल्यावर दुसरा सीटखाली ढकलला. डटनने कॉलर धरली तेव्हा याने शिवी दिली आणि त्याचा हात झटकला. "बाबांना नका सांगू, काका," असं म्हणून तो रडायला लागला. उल्हासराव म्हणाले, "नाही सांगत." मी त्यांचे आभार मानले. चहा केला. तुम्ही निघताना तू डबा माझ्याकडेच ठेवलास.

फेब्रुवारीत सुनावणी. एक लांब खोली, लवाद टेबलाच्या टोकाला, युनियनचा वकील, त्याच्या शेजारी उल्हासराव. आम्हाला वाटलं, डटनच्या बाजूला बसलेत, बसावं लागत असेल. वकिलाने श्रीरंगला विचारलं, तू प्यायला होतास का. तो नाही म्हणाला, कारण बाप मागे बसला होता. मग उल्हासरावांनी वकिलापुढे एक पिवळा कागद सरकवला. वकिलाने विचारलं, दोन कॅन होते ना? मग दुसरा कागद. दुसरा सीटखाली ढकललास ना? मग तिसरा. ऑफिसरच्या हाताला तू आधी हात लावलास ना?

श्रीरंगने वकिलाकडे पाहिलंच नाही. तो उल्हासरावांकडे बघत होता. ते पेनाचं टोपण लावत होते.

एकदा खोटं पकडल्यावर त्याचं बाकीचं कोणी ऐकलं नाही. बेड्या घातल्यावर मारलं हे तो सांगत होता, ते कोणी लिहूनही घेतलं नाही. डटन परत कामावर. श्रीरंगला डाव्या कानाने कायमचं ऐकू येत नाही. गाडीत घरी येताना विष्णूने एकच प्रश्न विचारला, "कोणाला सांगितलं होतंस?" आणि श्रीरंग म्हणाला, "काकूंनी सांगायला सांगितलं."

आता तू सांग. तुला माहीत नव्हतं?

नीला

—

हॅल्सी
२१ एप्रिल १९८७

नीला,

तुझं पत्र शनिवारी आलं. तू दुःखाने आठवणीत काहीतरी मिसळते आहेस असं मला वाटलं. मी ते वाईट वाटून घेऊन नाही, समजुतीने म्हटलं, असेल बिचारीचं. मग तळघरात गेले ती तू चुकलीस हे बघायलाच.

मी सत्याहत्तरच्या वहीत होते. चार वह्या सोडल्या आणि एक्याऐंशीची काढली. त्यातलं उतरवून पाठवते, एकही अक्षर बदललेलं नाही.

"रवि. १५ नोव्हें. नीलाकडे. विष्णू निघून गेला ते बरं. श्री गप्प. व. म्हणाली काकांना सांग. मग बोलला. दोन कॅन, दुसरा सीटखाली. शिवी. हात आधी ह्याने झटकला. चौकशीत बापासमोर खोटं सांगितलंय. एवढं पुरे आहे."

त्याच्या खाली रेघ मारून: "व. नसती तर बोलला नसता. व.ला सांगायचं नाही."

दुसरं पान. "सोम. १६. डटनला गाडीत बसवून विचारलं. म्हटलं मला खरं पाहिजे. म्हणाला, बेड्या घातल्यावर मारलं, टॉर्चने, दोनदा. सांगताना हसला. हा माणूस पोलिसात असता कामा नये. पण चीफने ह्याला असा काढू दिला तर उद्या कोणालाही काढेल. ७१ विसरायचं नाही."

एवढंच. पुढच्या पानावर हिवाळी कोटांची मागणी.

उल्हासने माझ्यापासून खूप गोष्टी लपवल्या नाहीत असं मला वाटायचं. नाव घेऊन लिहितेय, हो. एकवीस वर्षं 'हे' म्हणाले, आता ते लिहायला हात वळत नाही. त्याने मला काही विचारलं असतं, की वसुधा, माझं काम असं आहे, मला त्या पोराकडून हे काढून घ्यायचंय, तर मी ओरडले असते, पण मला कळलं असतं की मी कोणाशी लग्न केलंय. त्याने तसं केलं नाही. त्याने पुऱ्या करायला सांगितल्या. थोड्या जास्त कर म्हणाला. मी गळाला लावलेलं आमिष होते आणि मी ओवा जास्त घालत होते.

आणि नंतर जेवला नाही म्हणून मी त्याला मऊ भात करून दिला.

दुसरी गोष्ट. मी पेपर रोज वाचते पण तेव्हा लक्षात आलं नाही. फेब्रुवारीत डटनने एका कॉलेजच्या मुलाला सायकलवरून पाडून त्याचा जबडा मोडला. मुलाचं म्हणणं, बेड्या घातल्यावर. चीफने पुन्हा काढलंय. युनियन पुन्हा लढते आहे. रेची मे महिन्यातली सुनावणी ती हीच, बारा तारखेला. रेला मराठी येत नाही, वह्या त्याला वाचायच्या नाहीत. त्या वाचणाऱ्या बाईच्या घरात त्या नको आहेत. काचेचं कपाट!

मला माहीत नव्हतं, नीला. तुला पटेल की नाही ते तुझ्यावर. मला श्रीरंगला सांगायचं आहे, पण कोणत्या तोंडाने ते कळत नाही.

वसुधा

—

ईडन प्रेरी
२७ एप्रिल १९८७

वसुधा,

पटलं.

ती वहीतली ओळ वाचली तेव्हाच पटलं. "व.ला सांगायचं नाही." पाच वर्षं मी तुला गुन्हेगार धरलं आणि एकदाही फोन करून विचारलं नाही. मी विचारलं असतं तर तू त्याच दिवशी तळघरात गेली असतीस. आपण दोघींनीही त्याचं काम सोपं केलं.

खोटं गोड लिहीत नाही. पटलं तरी तू मला अजून त्या टेबलाशीच दिसतेस, त्याच्या पाठीवर हात ठेवलेली. ते हळूहळू जाईल, किंवा नाही जाणार.

पत्र विष्णूला दाखवलं. तो वाचून बाहेर गेला आणि दोन तास गाडी धुतली. श्रीरंगला फोनवर वाचून दाखवलं. तो आता मिनियापोलिसला नोकरी करतो, फोन उजव्या कानालाच धरतो, कोणाच्याही डाव्या हाताला बसत नाही. सगळं ऐकून घेतलं. डटन हसला हे ऐकल्यावर म्हणाला, "आय न्यू दॅट. आय सॉ हिम." मी विचारलं, काकू काय करेल असं तुला वाटतं? म्हणाला, "टेल काकू टु रीड इट. ऑल ऑफ इट. माइन टू." पाच वर्षांनी त्याच्या तोंडात काकू आलं म्हणून मला फोन ठेवून जरा बसावं लागलं.

पण मी तुला काही कर म्हणून सांगणार नाही. तुझा दवाखान्याचा खर्च, दीपाचं कॉलेज, महिन्याचं पेन्शन, सगळं त्याच लोकांच्या हातून येतं. आमच्यासाठी काही करू नकोस. आमचं झालंय.

नीला

—

हॅल्सी
६ मे १९८७

प्रिय नीला,

शनिवारी हॉलमध्ये दोनशे माणसं होती. दारावर पितळेची पाटी, 'अल सुर्वे हॉल'. उल्हासला तिथे सगळे अलच म्हणायचे. टर्की, बटाटे, पांढरे टेबलक्लॉथ. मी काळ्या काठाची साडी नेसले होते. डटन चौथ्या टेबलावर होता, बायको आणि दोन मुली. धाकटीचा दात पडलेला. मला हे कोणी आधी सांगायला हवं होतं, की त्यालाही मुली असतील आणि त्या टर्की खात असतील.

बोलणारे सगळे चांगलं बोलले आणि त्यातलं बहुतेक खरं होतं. एक म्हातारा उभा राहिला. त्याच्या बायकोला कॅन्सर झाला तेव्हा उल्हासने त्याची पाळी दिवसाची करून घेतली, चीफच्या ऑफिसबाहेर तीन दिवस बसून. तो रडला. मीही रडले. मला वाटलं होतं की राग आला की बाकीचं निघून जातं. जात नाही. दोन्ही एका ताटात राहतं.

माझी पाळी आली. सहा पानं लिहिली होती, ती पिशवीतच ठेवली. म्हटलं, "माझ्या नवऱ्याने ही युनियन माझ्या तळघरात उभी केली. तुमच्यासाठी त्याने सगळं केलं. त्याचे कागद मी वाचते आहे. अजून संपले नाहीत. संपले की बोलेन." आणि बसले. लोकांना वाटलं गळा दाटला. त्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

गाडीत दीपा म्हणाली, "आई, दॅट वॉज सो शॉर्ट." मी तिला सांगितलं. वही काढून वाचून दाखवली. ती म्हणाली, "डॅड वुडन्ट." मग म्हणाली, "श्री नोज?" मी म्हटलं, त्यालाच तर पहिल्यांदा कळलं.

रविवारी चर्चनंतर रे आला. ट्रक घेऊन, खोकी न्यायला. मी टाइप केलेल्या कागदांची अकरा खोकी ओट्यावर काढून ठेवली होती. त्याने मोजली आणि विचारलं, "यलो पॅड्स?"

मी म्हटलं, "रे, त्या वेळी तू होतास. अलला त्या मुलाचं कुठून कळलं, ते तुला माहीत होतं?"

तो टोपी फिरवत उभा राहिला. त्याला खोटं बोलता येत नाही, तेवढा तो बरा आहे. म्हणाला, "वासू, अलने त्याचं काम केलं. आम्हाला माणूस निवडता येत नाही. डटन मलाही आवडत नाही."

"बेड्या घातल्यावर मारलं, हे डटनने अलला सांगितलं होतं."

"ते विश्वासाने सांगितलेलं आहे. ते बाहेर गेलं तर उद्या एकही माणूस आपल्या युनियनला खरं सांगणार नाही. अलनेच हे आम्हाला शिकवलं."

"माझ्या मैत्रिणीच्या मुलानेही विश्वासानेच सांगितलं होतं."

रे म्हणाला, "तो मेंबर नव्हता."

त्याने ते वाईटपणाने म्हटलं नाही, नीला. नियम सांगावा तसं म्हटलं. आणि मला कळलं की उल्हासला विचारलं असतं तर त्यानेही हेच उत्तर दिलं असतं, अर्ध्या गालावर फेस असताना. मी एकवीस वर्षं त्या घरात राहिले आणि मीही मेंबर नव्हते.

मी म्हटलं, खोकी घेऊन जा. वह्या मराठीत आहेत, त्या घरच्या आहेत. तो म्हणाला, "वासू, आम्ही तुला कधी काही कमी पडू दिलेलं नाही." मी म्हटलं, "मला ठाऊक आहे. त्या कॉन्ट्रॅक्टातलं विधवांचं कलम मीच तपासलंय, सोळा नंबर. ते कोणाच्या मर्जीवर नाही." तो थोडा हसला, मलाही हसू आलं, आणि मग आम्ही दोघं मिळून खोकी ट्रकमध्ये चढवली. जाताना त्याने नेहमीसारखी मिठी मारली नाही.

तू विचारलं नाहीस, तरी सांगते. मी हे तुमच्यासाठी केलेलं नाही. सायकलवाल्या त्या मुलाला मी ओळखत नाही. त्याच्या घरी कोणी डबा घेऊन गेलं की नाही, तेही मला माहीत नाही.

सोमवारी सकाळी मी पायरी झाडली, भांडी घासली, वह्या कापडी पिशवीत घातल्या आणि सव्वाआठची बस धरून ॲन आर्बरला गेले. त्या मुलाचा वकील तरुण आहे. म्हणाला, लवाद हे घेईलच असं सांगता येत नाही. मी म्हटलं, तुम्ही लिहून घ्या. त्याने टेपरेकॉर्डर लावला, मी चष्मा पुसला आणि पंधरा नोव्हेंबरचं पान इंग्रजीत वाचायला सुरुवात केली. सगळं वाचलं. श्रीरंगचंही, डटनचंही. "व.ला सांगायचं नाही" हेही वाचलं. वकिलाने विचारलं, व. कोण? मी माझं नाव सांगितलं.

तुझी,
वसुधा